अमावस्येच्या दिवशीचे मुंबई दर्शन

जून महिन्यातली अमावस्या, वेळ दुपारी बारा ते दीड. रक्कम रुपये छत्तीस हजार, रोख. हजर इसम तीन: कृषी केंद्राचा मालक, त्याचा नोकर आणि तांड्याचा नाईक.

माझ्या खासगी वहीत या गुन्ह्याची सुरुवात अशी आहे. नोकरीत केलेले बरेच तपास आता एकमेकांत मिसळून गेले आहेत, हा मात्र तारीखवार लक्षात आहे. नावे कुणाचीच देत नाही. वरच्या तिघांपैकी पहिला इसम त्या वेळी तिथे हजर होता की नव्हता, एवढाच काय तो वाद होता.

कापसाची ती वाईट वर्षे होती. मी पुसदकडच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. चांगल्या वाणाच्या बियाण्याची पिशवी सरळ मार्गाने मिळत नसे. अशात एका बंजारा तांड्यातल्या एकोणीस घरांनी पैसे गोळा केले आणि तांड्याचा प्रमुख, म्हणजे नाईक, भाड्याची जीप घेऊन तालुक्याला आला. साडेसातशे रुपयांप्रमाणे अठ्ठेचाळीस पिशव्या घेतल्या. बिल नाही. कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलने फक्त आकडे. पेरल्यावर दहा दिवस झाले तरी सऱ्या रिकाम्या. कृषी अधिकाऱ्यांनी उगवण चाचणी घेतली, तर शंभर दाण्यांत अकरा उगवले.

फिर्याद दाखल झाली त्याच दुपारी मालक स्वतःहून ठाण्यात आला. इस्त्रीचा सदरा, हातात फाइल.

"साहेब, मी त्या दिवशी मुंबईत होतो. माझ्या मागं नोकरानं हा धंदा केला. माझ्या दुकानाचं बिलबुक तपासा, स्टॉक तपासा. त्या पिशव्या माझ्या नाहीतच."

फाइलमधून त्याने गुलाबी रंगाचे तिकीट काढले. 'मुंबई दर्शन', एक दिवस, सीट नंबर अठरा, तारीख तीच, नाव त्याचे. मुंबईतल्या पुतण्याने काढून दिले होते म्हणाला.

नोकर झरी जामणी भागातला, कोलाम आदिवासी, वय पंचेचाळीस. अकरा वर्षे त्याच दुकानात पोती उचलत होता. त्याला समोर बसवले तर विचारण्याआधीच म्हणाला, "म्याच इकल्या साहेब."

"माल कुठून आणला?"

"आणला."

"कोणाकडून?"

"आणला ना साहेब."

"आणि पैसे?"

"खर्चून टाकले."

मी त्याच्या पायांकडे पाहिले. एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता.

"बावन्न पिशव्या होत्या ना?" मी विचारले.

"हो साहेब, बावन्न."

थोड्या वेळाने पुन्हा विचारले, "चाळीसच होत्या असं नाईक म्हणतो."

"हो साहेब, चाळीसच."

ज्याने खरोखर गुन्हा केलेला असतो तो आधी आकड्यावर भांडतो. पाच हजारांची चोरी कबूल करील, पण सहा म्हटले की उसळून उठतो. हा माणूस सांगाल तो आकडा मान्य करत होता. त्या पिशव्या त्याने मोजलेल्याच नव्हत्या.

नाईक अडुसष्ट वर्षांचे. जबाब देताना मालकाचे नाव घेऊन ठाम होते. "माह्या डोळ्यात मोतीबिंदू हाये साहेब, कानात नाही. मालकच बोलले मले. म्हणे, नाईक, आज अमावस्या हाये, कोणी बियाणं घ्यायले येत नाही, गुपचूप घेऊन जा."

ते खरे बोलत होते. पण मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्याचा शब्द एका बाजूला आणि छापील तिकीट दुसऱ्या बाजूला ठेवले, तर न्यायालयात काय होते ते मला ठाऊक होते.

दोन दिवसांनी खबर आली. त्या दुकानासमोरचा शिंपी माझ्या वर्दीचे माप घेण्याच्या निमित्ताने ठाण्यात आला. खांद्याला टेप लावता लावता हळूच म्हणाला, "मालक त्या दिवशी गल्ल्यावरच होते. एक वाजता मी सुट्टे आणले त्याह्यच्याकडून."

"जबाब देता?"

"नाही साहेब. जागा त्याह्यची हाये. उद्या माही मशीन रस्त्यावर येईन." मग टेप गुंडाळत म्हणाला, "नोकराची पोरगी नर्सिंगले हाये. फी मालक भरते. आता तुमीच समजा."

समजले. बाप तुरुंगात गेला तर मुलगी शिकणार होती. बापाने खरे सांगितले तर तिचे दुसरे वर्ष तिथेच थांबणार होते. मी त्याला एकट्याला घेऊन विचारले. तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "साहेब, दोन वर्षाचा परश्न हाये. दोन वर्ष मी काढतो आतमंधी."

पोलीस कोठडी संपली आणि तो यवतमाळच्या कारागृहात गेला.

मी मालकाला पुन्हा बोलावले आणि मुंबईत दिवसभर काय काय पाहिले ते सांगायला लावले. सहा पाने जबाब झाला. गेटवेची कबुतरे, मत्स्यालयातले कासव, टेकडीवरच्या बागेतला बुटाचा बंगला, समुद्रात उभा असलेला हाजी अलीचा दर्गा. एकूण सात ठिकाणे, क्रमाने, न अडखळता. मी त्याला मधेच उलट्या क्रमाने विचारले, तरी चुकला नाही. माणूस पाहिल्याशिवाय असे सांगू शकत नाही, हे मला पटत होते आणि तेच खुपत होते.

वरिष्ठांची परवानगी मिळायला वेळ लागला. शेवटी मी आणि माझा हवालदार मुंबईला निघालो. हवालदार तांड्यातलाच, धिप्पाड, बोलका. त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. गाडीत बसल्यापासून तोंड पाडून होता.

"काय झालं?"

"उद्या अमावस्या हाये साहेब. बायको म्हणे, अमावस्येले कायले जाता? हे पाहा, लिंबू बांधून देल्लं."

सकाळी टूर कंपनीच्या कार्यालयात पोचलो. बुकिंगच्या रजिस्टरमध्ये सीट अठरा त्या तारखेला विकलेली होती. माणूस बसला की नाही याची नोंद नाही. कारकून म्हणाला, "त्या दिवशीचा गाइड आजच्या बसवर आहे. बस पाच मिनिटांत सुटतेय. बोलायचं तर तिकीट काढा, नाहीतर संध्याकाळी या." दीडशेप्रमाणे तीनशे रुपये मी खिशातून दिले.

गाइड चाळिशीचा, घसा बसलेला. प्रश्न ऐकून हसला. "साहेब, रोज चाळीस माणसं. मी चेहरे बघत नाही, डोकी मोजतो. रात्री कागद फेकून देतो."

आता दिवस वाया जाणार हे दिसत होते. मी मालकाचा जबाब मांडीवर घेतला आणि एकेका ठिकाणापुढे पेन्सिलने खूण करू लागलो. कबुतरे, बरोबर. कासव, बरोबर. बुटाचा बंगला बरोबर, इतकेच काय, त्याच्या जिन्यात मोठ्या माणसाचे डोके आपटते हेही बरोबर. हवालदाराचे आपटलेच.

"साहेब," कपाळ चोळत तो म्हणाला, "हा बुवा खरंच येऊन गेलता. आपण तं गेलो कामातून."

सहा खुणा झाल्या. सव्वा वाजता बस हाजी अलीपाशी थांबली. गाइडने माइक हातात घेतला. "दर्गा खिडकीतूनच बघून घ्या मंडळी. आज कोणी उतरायचं नाही. रस्ता पाण्याखाली आहे."

मी जबाब उघडला. पान पाचवे: 'दुपारी एक ते दीडच्या सुमारास मी बसमधून उतरून समुद्रातील रस्त्याने दर्ग्यापर्यंत पायी गेलो व परत आलो.'

खिडकीतून पाहिले. रस्ता नव्हताच. दर्गा होता, अलीकडे आम्ही होतो आणि मधे नुसते गढूळ, उसळणारे पाणी होते.

हवालदार उठून उभा राहिला. "पूर आला का साहेब? धरण सोडलं वाटते!"

सगळी बस हसली. गाइड म्हणाला, "काका, कुठले तुम्ही?"

"यवतमाळ जिल्हा."

"मग बरोबर. काका, समुद्राला धरण नसतं. ही भरती आहे. सहा तासांनी पाणी उतरेल, मग रस्ता मोकळा. आणि आज अमावस्या, म्हणजे मोठी भरती. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी आम्ही इथं कुणाला उतरवतच नाही."

मी त्याला पुन्हा विचारले. "दर अमावस्येला? याच वेळेला?"

"दर अमावस्येला, साधारण याच वेळेला. तासभर इकडे-तिकडे. आमच्या फेऱ्यांच्या रजिस्टरला शेरा असतो, बाहेरून दर्शन."

मी यवतमाळचा, मालक यवतमाळचा. आमच्याकडे पैनगंगेला पूर येतो आणि ओसरतो, पण तलावाचे पाणी रात्री तलावातच असते. समुद्र म्हणजे मोठा तलाव, अशीच आमची समजूत. अमावस्येला काय घ्यायचे नाही आणि कुठे जायचे नाही हे आमच्या घरी सगळ्यांना पाठ असते. अमावस्या समुद्राला काय करते हे कोणालाच ठाऊक नव्हते. विक्रीच्या दिवसापासून मी बोटांवर मोजले. बरोबर एकोणतीस दिवस.

बस पुढे निघाली तेव्हा हवालदाराने खिशातले लिंबू काढून माझ्या हातावर ठेवले. "घ्या साहेब. बायकोले सांगतो, कामी आलं."

संध्याकाळी कार्यालयात त्या तारखेचे फेऱ्यांचे रजिस्टर पाहिले. शेरा होता. व्यवस्थापकाचा जबाब घेतला. दुसऱ्या दिवशी बंदर खात्यातून त्या तारखेच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाची प्रमाणित प्रत घेतली. भरतीची वेळ दुपारी एकच्या आसपासची निघाली.

परत आल्यावर मालकाला पुरवणी जबाबासाठी बोलावले. पंच बसवले होते. त्याने चहा मागितला, मी दिला.

"दर्ग्याला नक्की किती वाजता गेलात?"

"सांगितलं ना साहेब, एक ते दीड."

"उतरून?"

"उतरून, चालत. दोन्ही बाजूंनी फकीर बसलेले."

"पाय ओले झाले?"

तो हसला. "पाय कायले ओले होतील? कोरडा ठणठणीत रस्ता. माझ्या बायकोनं तर तिथं बांगड्या..."

तो थांबला. हवालदार दारात उभा होता. म्हणाला, "वहिनीबाईचं तिकीट कुठं हाये शेठ? एकच दाखवलं तुमी."

मी वेळापत्रक त्याच्यासमोर सरकवले आणि रजिस्टरची प्रत त्यावर ठेवली. "त्या दिवशी त्या वेळेला हा रस्ता समुद्राच्या पोटात होता. बसमधून एकही माणूस उतरलेला नाही. तुम्ही कसे चाललात?"

त्याने दोन्ही कागद वाचले. पुन्हा वाचले. "पाणी... वर येते?" एवढेच म्हणाला. मग प्यायला पाणी मागितले.

पाणी पिऊन झाल्यावर त्याने सगळे सांगितले. दोन वर्षांपूर्वी दिवाळी होऊन आठवडा झाल्यावर, सुटीत, तो बायकोमुलांना घेऊन खरोखरच ती सहल करून आला होता. तेव्हा पाणी उतरलेले होते. या वेळी फक्त पुतण्याकडून तिकीट काढून पोस्टाने मागवले आणि विक्रीसाठी मुद्दाम अमावस्या निवडली, कारण त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नसते. उरलेल्या बनावट पिशव्या त्याच संध्याकाळी त्याच्या शेतातल्या गोठ्यातून पंचांसमक्ष जप्त झाल्या. मोजून एकशे चार. शिंप्याने दुसऱ्या दिवशी आपणहून येऊन जबाब दिला.

नोकराला सोडण्याबाबतचा अहवाल मी स्वतः न्यायालयात नेला. तो कारागृहातून बाहेर आला तेव्हा आनंद कसला, माझ्यावरच चिडला. "काहून केलं साहेब असं? आता पोरीची फी कोण भरन?" हवालदार म्हणाला, "अबे, आधी घरी तं चाल." दोन दिवसांनी हवालदारच आपली रजा टाकून नर्सिंग कॉलेजात गेला आणि फी भरायला दिवाळीपर्यंतची मुदत लिहून घेऊन आला.

या तपासाने मला एक गोष्ट शिकवली. पक्के खोटे हे बहुधा खऱ्याचेच बनवलेले असते. त्या मालकाच्या सहा पानांत एकही गोष्ट कल्पनेतली नव्हती, म्हणून ती कुठेच फुटत नव्हती. तेव्हापासून मी 'काय पाहिलं' यापेक्षा 'कधी पाहिलं' हे जास्त विचारू लागलो. आणि दुसरे म्हणजे, ज्या जागेचा जबाब आहे तिथे स्वतःच्या पायांनी जाऊन यावे. ठाण्यात बसून मी ते कागद वर्षभर वाचले असते तरी त्यातून पाणी वर आले नसते.

आता हिशेब. आमची दीडशेची दोन तिकिटे लेखा शाखेने 'सहल' असा शेरा मारून नामंजूर केली. ते तीनशे रुपये माझेच गेले आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. मालकाला जामिनाच्या वेळी छत्तीस हजार न्यायालयात भरावे लागले. ते पुढे आदेशाने नाईकांना मिळाले आणि त्यांनी तांड्याच्या ओट्यावर एकोणीस घरांना वाटले. परवाना कायमचा गेला आणि शिक्षाही झाली. नोकराच्या अकरा वर्षांच्या थकलेल्या पगारापोटी कामगार कार्यालयात तडजोड होऊन चव्वेचाळीस हजार रुपये ठरले. ते दिवाळीच्या आठवडाभर आधी, माझ्या समक्ष, त्याच्या हातात पडले. त्यातले अकरा हजार त्याने दुसऱ्या दिवशी कॉलेजात भरले आणि पावती दाखवायला थेट ठाण्यात आला. पायात नवी चप्पल होती. त्याला वाचता येत नव्हते, म्हणून मीच त्याला मोठ्याने वाचून दाखवली: रुपये अकरा हजार फक्त, भरणार, मुलीचे वडील.