निशाण जिकडे, बँड तिकडे

आल्मोराइत गावात माणसं दोन प्रकारची: जुन्या बँडची आणि नव्या बँडची. नवा बँडही आता नव्वद वर्षांचा झालाय, पण गावानं एकदा नाव ठेवलं की ठेवलं. जुन्याची माणसं नव्याच्या अड्ड्यावर कॉफी पीत नाहीत. नव्याची माणसं जुन्याच्या मयताला वाजवत नाहीत. आणि दोन्हीकडची सोयरीक झालीच, तर पोर जन्मायच्या आत ते कुठल्या बँडात फुंकणार यावरून दोन्ही आज्या हमरीतुमरीवर येतात.

रेमेईबाई जुन्या बँडच्या. सकाळी संत्र्यांच्या वखारीत पेट्या भरायच्या आणि संध्याकाळी बँडच्या शाळेत मुलांना स्वरलिपी शिकवायची, हे त्यांचं अडतीस वर्षं चाललेलं. त्यांच्याकडे आलेल्या पोराला पहिली दोन वर्षं वाद्याला हातसुद्धा लावायला मिळत नसे. नुसतं वाचायचं, गायचं, टाळ्या देत वर्गभर चालायचं. आईबाप कुरकुरले की बाई म्हणायच्या, "घाई असेल तर रेडिओ घ्या. बटण दाबलं की लगेच वाजतो."

असं सगळं बरं चाललं असताना एलिसेऊ बँडचा अध्यक्ष झाला. धंद्यानं विमा एजंट. लहानपणी तो बाईंकडेच शिकायला आला होता आणि तीन महिन्यांत पळाला होता, कारण टाळी आणि पाय एकाच वेळी पडायला हवेत ही गोष्ट त्याला शेवटपर्यंत पटली नाही. आता तोच माणूस गावाला संगीताचे फायदे समजावून सांगू लागला. त्यानं गुळगुळीत कागदावर पत्रक छापलं: संगीतानं बुद्धी वाढते, गणित सुधारतं, भांडणं कमी होतात. भांडणं कमी होतात हे त्यानं अशा गावात छापलं, जिथे दोन सख्खे भाऊ निव्वळ बँडवरून एकतीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते!

पत्रकामागे खरी भूक होती ती फलकाची. 'बालविकासाची आदर्श शाळा' असा पितळी फलक प्रांताच्या कचेरीकडून मिळणार होता. कचेरीतल्या बाई येत्या रविवारी फोटोग्राफर घेऊन येणार होत्या. तो रविवार वादकांची संत सेसिलिया हिच्या सणाचा. त्या दिवशी अख्खा बँड वाजतगाजत नव्या वादकांच्या दारात जातो, एकेका पोराला घरून घेतो आणि पुढे निघतो. ज्याच्या दारात बँड थांबला तो वादक झाला. ज्याच्या दारावरून तसाच पुढे गेला, त्याला गाव जन्मभर ते विसरू देत नाही.

एलिसेऊनं नव्या वादकांची यादी केली आणि प्रत्येकापुढे शाळेतल्या मार्कांचा रकाना आखला. कार्यकारिणीच्या बैठकीत ती वाचून दाखवली, तर यादीत मारिओला नव्हती.

"मारिओलाला पुढच्या वर्षी घेऊ, बाई."

"का? परीक्षा मी घेतलीय. पास आहे ती."

"तुमच्याकडे पास आहे हो. शाळेत गणितात आपटलीय. वर्गात तोंडसुद्धा उघडत नाही म्हणे. संगीत शिकून पोरगी नापास झाली, असं लिहून देऊ का मी कचेरीला?"

"मग स्वतःचं नाव लिही. संगीत सोडून तरी तू कुठे पास झाला होतास?"

कार्यकारिणी खो खो हसली. एलिसेऊ लालबुंद झाला, पण यादी काही बदलली नाही. छापून झाली होती ना!

मारिओला दहा वर्षांची. आजोबांजवळ राहायची. बोंबार्दिनो नावाचं पितळी धूड वाजवायची. ते मांडीवर घेतलं की मागे पोरगी आहे हे सांगावं लागे. पहिल्या वर्षी ती वर्गात भिंतीला चिकटून बसली. दुसऱ्या वर्षी सगळ्यांबरोबर गायला लागली, पण कोणी बघत नसेल तरच. हल्ली धाकट्या पोरांची पानं तीच काढून द्यायची आणि कोणी चुकलं की न बोलता कोपरानं ढोसायची. कुठल्याच रकान्यात बसेल असं यातलं काही नव्हतं. बाईंचा तिच्यावर जीव होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

तिच्या घरी बातमी सांगायला बाई स्वतः गेल्या. आजोबा, बातिस्ते, खुर्चीवर चढून दाराची चौकट रंगवत होते. चाळीस वर्षं त्यांनी बँडात ट्यूबा वाजवला होता. दात गेले आणि ट्यूबाही गेला. आत टेबलावर गोड वाइनच्या बाटल्या आणि बडीशेपेच्या बिस्किटांची ताटं मांडून तयार.

"रेमेई, बँड वरच्या अंगानं येणार की खालच्या?"

बाईंनी चौकटीवरच्या ओल्या रंगाकडे पाहिलं, मग बिस्किटांच्या ताटांकडे.

"खालच्या," त्या म्हणाल्या आणि स्वतःला शिव्या घालत घरी आल्या.

रविवारी निशाण बाईंच्या हातात होतं. त्यांच्या अडतीस वर्षांच्या सेवेचा सत्कार म्हणून बँडनं तो मान दिला होता. यात हारतुऱ्यांचा खर्च वाचत होता. तीन घरं यादीप्रमाणे झाली. चौथ्यासाठी चर्चच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळायचं होतं. बाई डावीकडे वळल्या.

बँडमधला माणूस यादी बघत नाही. तो आपला कागद बघतो आणि पुढच्याची मान बघतो. निशाण वळलं म्हणून ट्रॉम्बोन वळले, ट्रॉम्बोन वळले म्हणून क्लॅरिनेट वळल्या, आणि साठ माणसं खालच्या अंगानं बातिस्तेच्या गल्लीत शिरली. एलिसेऊ तेव्हा कचेरीच्या बाईंना मेंदूचे भाग समजावत होता. ढोल नाकासमोरून भलतीकडे गेला तेव्हा त्याला पत्ता लागला. "उजवीकडे! उजवीकडे!" करत तो मागून धावला, पण साठ वाद्यांपुढे त्याची ओरड त्याला स्वतःलाही ऐकू गेली नसावी.

मारिओला उंबऱ्यावर उभी होती, मनगटाच्या खाली बोटभर आलेल्या बाह्यांच्या गणवेशात. आजोबा सगळ्या गल्लीदेखत रडत होते आणि डोळे पुसायचे कष्टही घेत नव्हते. नव्या वादकानं स्वतःच्या दारात बँडबरोबर पहिलं कूच, म्हणजे बँडची चालीची धून, वाजवायचं अशी रीत आहे. दोन थोराड बोंबार्दिनोवाल्यांमध्ये ती जाऊन उभी राहिली. कूच सुरू झालं.

तेवढ्यात एलिसेऊ धापा टाकत पोचला, मागे कचेरीच्या बाई आणि कॅमेरा. विमा एजंट तो! गळ्यात पडलेली गोष्ट गळ्यातल्या हारासारखी मिरवायची त्याला सवय. मारिओलानं वाद्य खाली घेतलेलं बघून तो तिच्यावर वाकला.

"आणि ही आमची मारिओला! सांग बाळ, संगीतानं तुझ्यात काय काय सुधारणा झाली?"

मारिओला समोर बघत राहिली. तिच्या कागदावर स्वरलिपीचे बारा खण रिकामे होते; तेवढे न वाजवता मोजायचे आणि तेराव्यात तिला शिरायचं होतं. शेजारचे दोघे थोराड एकमेकांच्या कानात कुजबुजत होते.

"सांग की! लाजतेस काय?"

"मध्ये बोलू नका," मारिओला म्हणाली. आवाज एवढा खणखणीत निघाला की आजोबांचं रडं थांबलं. "मी मोजतेय. नऊ झाले."

कॅमेरा तसाच हवेत राहिला. मारिओलाचा पाय जमिनीवर पडत होता: दहा, अकरा, बारा. तिनं वाद्य उचललं आणि बरोब्बर ठिकाणी शिरली. शेजारचे दोघे दचकले आणि तिचं ऐकून घाईघाईनं मागून आले.

कूच संपलं. कचेरीच्या बाईंनी पर्समधून पेन काढून एलिसेऊपुढे धरलं. "हिचं नाव दिसत नाही तुमच्या यादीत. घाला."

एलिसेऊनं निमूट नाव घातलं. पुढच्या रकान्यापाशी त्याचा हात अडला. त्यानं रेमेईबाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "गणितापुढे काय लिहू?"

"बारापर्यंत बिनचूक, असं लिही," बाई म्हणाल्या. "आणि हो बाजूला, आम्हाला पुढं जायचंय."