पाय उचलू नका, ताई!

आमच्या अड्याळच्या घरासमोर, भर दुपारी, गाडीचं बॉनेट उघडं असताना मी बायकोपुढे एक गुन्हा कबूल केला. त्या वेळी ती मला दिसत नव्हती, हे फार बरं झालं. दिसली असती तर मी नेहमीसारखा गप्पच बसलो असतो. गप्प बसण्यात माझा हात कोणी धरणार नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेलो, तेव्हा दोन दिवसांनी सासूबाईंनी बायकोला हळूच विचारलं होतं, "जवाई चांगला हाय माय, पन हा चालू कोठून होते?"

गुन्हा असा.

बायको नर्स आहे. तिचं उपकेंद्र गावापासून आठ-दहा किलोमीटरवर. मी शाळेत क्लार्क. एसटी काही तिच्या ड्युटीचं घड्याळ पाहून येत नाही, म्हणून आम्ही एक जुनी गाडी घेतली आणि मी तिला सकाळी सोडायचो, संध्याकाळी आणायचो. मग तिनं ठरवलं, आपणही शिकायचं. शिकली. लायसन्सही काढलं. आणि मला बाजूच्या सीटवर सरकवून धानाच्या बांध्यांमधल्या, म्हणजे भातखाचरांमधल्या रस्त्यानं अशी सुटायची, की तिसऱ्या गिअरला आपोआप गाणं म्हणायला लागायची. चौथ्याला आवाज वाढायचा.

तशात एका रविवारी मी बॉनेट उघडलं. क्लचची छोटी डबी असते, तिच्यातलं ऑइल अगदी खाली गेलेलं. दुकान बंद. घरात मोटरसायकलच्या इंजिन ऑइलचा उरलेला डबा होता. तेल ते तेल, त्यात काय, असा विचार करून मी ते ओतलं, झाकण लावलं, हात पुसले आणि मोठं इंजिन उतरवून बसवल्याच्या थाटात चहा मागितला.

पुढे गाडी बिघडली, तीही बाजाराच्या दिवशी, ऐन वांग्यांच्या ढिगांमध्ये. बायको चालवत होती. तिनं क्लच दाबला, तो खाली चटईला जाऊन चिकटला आणि वर यायचं नाव घेईना. गिअर पडेना. गाडीनं दोन उड्या मारल्या आणि एका म्हाताऱ्या भाजीवालीच्या टोपलीपासून वीतभर अंतरावर मुडद्यासारखी थांबली.

"बाई चालवून राहिली, मंग काय होईन!" म्हातारी कडाडली. "घरी चूल चालव ना वो, मायबाई!"

लोक हसले. चारजणांनी गाडी ढकलत घरी आणली. तिथं कोणीतरी मला विचारलं, काय झालं? आणि मी, जो आठवड्यात मोजून बोलतो, तो नेमका त्या दिवशी बोललो. "क्लचवर पाय ठेवूनच चालवते ना ती. खराब होणारच."

तिनं ऐकलं. चावी खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवसापासून एसटीनं जायला लागली. गाणं बंद. मी म्हटलं, दुरुस्त करून घेऊ. तर म्हणे, "करा. पन तुमीच चालवा. मले नाही जमत ते."

मला तेव्हाच कळायला हवं होतं, नाही का? कळलं होतं. पेडलखाली चटईवर पसरलेलं तेल मी पाहिलं होतं. त्याचा रंग मला ओळखीचा वाटला होता. मी चटई उलटी करून ठेवली.

शेवटी तिच्या माहेरचा एक मेकॅनिक घरी आला. लहानपणी हिच्याच गल्लीत वाढलेला, म्हणून ती त्याची ताई, आणि मी गावचा जावई, म्हणजे हक्काचं गिऱ्हाईक. तोंड पान्यापेक्षा जास्त चालणारा माणूस. त्यानं क्लचचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सिलिंडर खोलले, आतलं रबर काढून हातावर घेतलं आणि आनंदानं ओरडला.

"पाहा जवाईबापू! भिजल्या चन्यावानी फुगलं! डबीत कोनंतरी इंजिन ऑइल टाकलं. इथं ब्रेक ऑइल लागते. दुसरं तेल गेलं का रबर फुगते, मंग गळते. नशीब, ब्रेकची डबी अलग हाय, नाहीतर तुमी सरळ तलावात थांबले असते."

मी बॉनेटला टेकू दिलेल्या काडीकडे बघत राहिलो. पायरीवर बसलेली बायको हळूच म्हणाली, "मागं मी पानी टाकाले बॉनेट उघडलं होतं. माह्याच हातून तर काही उलटंसुलटं झालं नसन?"

हे ऐकून मला जे झालं ते लिहिता येत नाही. चुलीवरची भाकर जशी एकाच बाजूनं जळते, तसं काहीसं.

नवीन रबर बसलं, नवा पाइप बसला, जुनं तेल धुऊन निघालं. पाइपात हवा राहिली तर पेडल पोचट राहतं, म्हणून ती काढायची होती. त्याला तीन माणसं लागली. मेकॅनिक गाडीखाली, खालच्या सिलिंडरच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावून, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवून. बायको पेडलवर. आणि मी कुठे? डबीवर. त्याच डबीवर! ती रिकामी होऊ द्यायची नाही, ब्रेक ऑइल ओतत राहायचं. माझ्या आणि बायकोच्या मध्ये उघडं बॉनेट, पडद्यासारखं.

"मी 'मारा' म्हनलं का पेडल मारा," खालून सूचना आली. "'धरा' म्हनलं का दाबून धरा. मी निपल खोलतो, हवा निघते, मी बंद करतो. मंग 'सोडा'. निपल खुली असताना पाय उचलला, तर हवा परत आत. सारी मेहनत पान्यात. समजलं का ताई?"

"समजलं."

"मारा! मारा! मारा! धरा!"

बाटलीत बुडबुडे उठले. बुडबुड्यांचा तो आवाज, लहान मूल पेल्यात फुंकतं तसा. आणि मला एकदम सुचलं, की आत्ता तिला पाय उचलता येत नाही. तिला गाडीतून उतरता येत नाही. तिला माझं तोंड दिसत नाही. माझ्या आयुष्यात यापेक्षा चांगली संधी येणार नाही.

"ऐकतेस का," मी बॉनेटला म्हणालो. "ते ऑइल मी टाकलं होतं."

"काय?"

"इंजिन ऑइल. मागे एका रविवारी. तुझ्या पायानं काही झालं नाही. क्लच मीच बिघडवला. अन् माहीत असून तुझ्यावर ढकललं."

खालून घाईघाईनं, "पाय उचलू नका ताई! निपल खुली हाय!"

"नाही उचलत," ती म्हणाली. आवाज असा, की मला बॉनेटचा आडोसाही कमी वाटला. "पुढं बोला."

"बंद!" खालून. "सोडा!" पेडल वर आल्याचा आवाज. "मारा! मारा! मारा! धरा!"

बुडबुडे. मी ओतत होतो, अर्धं ऑइल डबीबाहेर.

"अजून एक आहे," मी म्हणालो. हे मी कोणालाच सांगणार नव्हतो, स्वतःलाही नाही. "गाडी बंद पडली, तेव्हा मला थोडं बरं वाटलं."

"काहून?"

"तू शिकलीस म्हणजे एक दिवस एकटी जाशील. मग मला कोण नेणार? म्हणजे... मी तुला नेतो, असं मला वाटायचं. पण त्या रस्त्यावर तू बोलतेस अन् मी ऐकतो. दिवसभरात तेवढंच आहे माझ्याकडे. रस्ता संपू नये म्हणून मी गाडी तिसऱ्यातच चालवायचो. चौथा गिअर मुद्दाम टाकत नव्हतो."

गाडीतून एक फुसकन् आवाज आला. मला वाटलं, रडली. पण ते रडणं नव्हतं. ती हसत होती, आधी नाकातून, मग पोटातून, मग अशी की गाडी हलायला लागली.

"मी म्हनो, तुमाले चौथा गिअर जमतच नाही! मी... तसंच... साऱ्या दवाखान्यात सांगितलं!"

"पाय! ताई, पाय!"

पाय गेला. नळीतलं ऑइल सुर्रकन उलटं चढलं, बाटलीत तळाला थेंब उरला.

"घुसली! सारी हवा घुसली!" मेकॅनिक गाडीखालून ओरडला. मग तोही हसायला लागला आणि त्याचं डोकं ठण्णकन सायलेन्सरला लागलं. "जवाईबापू, निपल बंद केली हाय. अजून काही कबूल करायचं असन तं आताच करून टाका. मंग मी सुरुवात करतो."

सुरुवात पहिल्यापासून झाली. मारा, मारा, मारा, धरा. मध्येच ती आठवून हसायची, की हा ओरडायचा, की मी ओतायचो. हळूहळू बुडबुडे बारीक झाले, मोहरीएवढे, मग नाहीतच. नळीत नुसतं स्वच्छ ऑइल. "पेडल पाहा ताई."

"कडक झालं!" ती ओरडली.

मी खिळ्यावरची चावी आणून तिच्यापुढे धरली. तिनं ती लगेच घेतली नाही. माझ्याकडे बघितलं, मध्ये बॉनेट नसताना, आणि म्हणाली, "बसा बाजूले. बाजारातून जाऊ."

त्या दिवशीही बाजारच होता. त्याच वांग्यांपाशी तिनं क्लच दाबला, गाडी थांबवली, काच खाली केली. म्हातारीनं तिला ओळखलं आणि टोपली मागे ओढली.

"मावशी," बायको म्हणाली, "त्या दिवशीचा क्लच मी नाही, ह्यायनं बिघडवला होता. विचारा ह्यायले."

बाजार माझ्याकडे वळला. निदान मला तसं वाटलं.

"होय," मी म्हणालो. "मीच."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "असं होय? मंग बाई, गाडी राहू दे, नवराच बदलून टाक ना!"

"पाहू," बायको म्हणाली. "सध्या तं ह्यायलेच रिपेर करनं चालू हाय."

तिनं गिअर टाकला. गाव मागे पडलं, दोन्हीकडे कापलेल्या धानाचे ढीग. दुसरा. तिसरा. मी वाट बघत होतो गाण्याची. पण गाणं आलं नाही, कारण मीच बोलत होतो. त्या रविवारचं, चटईचं, तिच्या आईनं विचारलेल्या प्रश्नाचं, काय काय. मला थांबताच येईना.

तिनं ऐकत ऐकत हात चौथ्या गिअरकडे नेला, दांडा नुसता थोपटला, आणि हात परत स्टिअरिंगवर ठेवला.