कच्चं राहिलेलं सोयादूध

"ऋतुजा, सकाळी मुलींना तुमचं सोयादूध दिलं. अकरा जणींना उलट्या सुरू झाल्यात. दवाखान्यात आणलंय."

नांदेडच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षक इंदू मॅडम बोलत होत्या. "निघाले," ऋतुजा म्हणाली.

उमरीजवळच्या खेड्यातली ही पोर. अन्न तंत्रज्ञान शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि तीन वर्षांपूर्वी ती सोडून गावी परतली. शिवारात जिकडंतिकडं सोयाबीन. पण पोती भरून सगळं तेलाच्या कारखान्याला जायचं, घरात कुणी दाणा शिजवत नव्हतं. तिनं गावातल्या सहा बायांना घेऊन सोयाबीनचं दूध आणि पनीर करायला घेतलं. लोक वर्षभर हसले. चव घेऊन नियमित मागणी देणाऱ्या पहिल्या इंदू मॅडमच.

फोन ठेवून तिनं कामावरच्या बायांना विचारलं, "काल दूध कुणी उकळलं?"

तुळजाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मी, ताई. मधीच लाईट गेली, भट्टी बंद पडली. पर फेस वर आला व्हता, मला वाटलं झालं."

सोयाबीनच्या दुधाला उकळी यायच्या आधीच फेस येतो. आणखी वीस मिनिटं शिजलं नाही तर ते पोटाला बाधतं. हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. पण काल ती स्वतः देगलूरला गेली होती आणि आल्यावर तिनं विचारलंही नव्हतं.

बिलोलीच्या दुकानाला फोन करून तिनं त्याच दुधाच्या बाटल्या थांबवल्या. तिथली एकही विकली गेली नव्हती. थोरला भाऊ भागवत गाडी काढता काढता म्हणाला, "तू काई कबूल करू नको. त्यांनीच दूध बाहीर ठिवलं असंल म्हण. सहा घरं हायेत तुझ्यावर."

रस्ताभर ते वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं. खरंच म्हणता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण एखादीला जास्त झालं असेल आणि डॉक्टरांना कारणच कळलं नाही तर?

दवाखान्यात पोरी सलाईन लावून निजल्या होत्या. एक उठून बसली आणि पुन्हा ओकली. ऋतुजा थेट डॉक्टरांकडं गेली. "दूध कच्चं राहिलं होतं. चूक आमची आहे."

डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारले, मान हलवली. "बरं झालं सांगितलंत. संध्याकाळपर्यंत उतरेल."

इंदू मॅडमनी मात्र तिच्याकडं पाहिलंही नाही. "उद्यापासून पाठवू नका."

संध्याकाळी अकराही जणी पायांनी चालत वसतिगृहात गेल्या. तोवर ऋतुजा बाकावरून हलली नव्हती.

तुळजाबाई पाच दिवस कामावर आल्या नाहीत. शेवटी ऋतुजा त्यांच्या घरी गेली. "मावशी, विचारायचं काम माझं होतं. चला." मग तापमापक आणि घड्याळ भट्टीशेजारी आलं. दर घाण्याची वेळ लिहून कोणत्याही दोघींची सही झाल्याशिवाय बाटली भरायची नाही, असं ठरलं. बातमी पसरली होतीच. दोन दुकानं तुटली, कामाचे दिवस निम्मे झाले.

तीन महिन्यांनी इंदू मॅडम न कळवता येऊन थडकल्या. पूर्ण घाणा होईतो भट्टीपाशी उभ्या राहिल्या आणि तुळजाबाईंना म्हणाल्या, "फेस आलाय की."

"न्हाई मॅडम, आजून वीस मिन्टं," तुळजाबाई ठासून म्हणाल्या.

मॅडम पेलाभर दूध प्यायल्या, काही त्रास होतो का ते दोन दिवस पाहिलं, आणि मग फोन करून आठवड्यातून एकदा दूध पाठवा म्हणाल्या. ऋतुजाला आनंद झाला. पण पहिल्या दिवशी बाटल्या गेल्यावर दुपारपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरला नाही.