चार बोटांचा जीव

सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यापूर्वी ते चष्मा काढत आणि शेजारी जो उभा असेल त्याच्या हातात देत. "धरा. हलू नका." शेजारी प्राचार्य असले तरी फरक पडत नसे. मग वाकलेल्या मानेखालून आवाज येई, "आधी शेपूट, मग बोटं. चेहरा शेवटी. आपल्याला सोयरीक जमवायची नाही."

सत्तरच्या दशकात वसईच्या एका महाविद्यालयात ते प्राणिशास्त्र शिकवीत, मी वनस्पतिशास्त्र. ते जवळच्या गास गावाहून सायकलने येत. त्यांचा विषय टार्डिग्रेड: समुद्राच्या वाळूत राहणारा, आठ पायांचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा जीव. आमच्या किनाऱ्यावर त्याच्या दोन प्रजाती होत्या. मला त्या एकसारख्याच वाटत. एकीच्या शेपटाला टोकदार काटा, दुसरीच्या शेपटाला बोथट उंचवटा. एकीच्या मागच्या पायाची मधली बोटे आखूड, दुसरीची लांब. हा फरक रेखाटण्यात त्यांची काही वर्षे गेली.

ओहोटीला ते वाळू भरायला डबा घेऊन पाचूबंदरच्या किनाऱ्यावर बसत. मासळीवाल्या बाया त्यांना सोडत नसत.

"मास्तर, गावलं का काय?"

"गावलं."

"कालवनापुरतं हाय का?"

"मला पुरेल."

"मंग उठा. पानी चढतंय."

ते हसत नसत, पण उठत.

त्या दोन प्रजातींची ह्यांनी काढलेली चित्रे विभागप्रमुखांनी 'पाहायला' म्हणून नेली. पुढे ती एका नियतकालिकात छापून आली. खाली नाव प्रमुखांचे. मी संतापलो. हे म्हणाले, "रेषा चांगल्या उमटल्यात."

"एवढंच?"

"घाई कशाला?"

तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांचा राग आवाज करीत नाही. हे वेळेवर शिकवीत, वेळेवर जेवत. दिवाळीला प्रमुखांच्या घरी वाडीतली केळीही पाठवीत.

मग प्रमुखांना नवी प्रजाती सापडली. तिच्या पायांना सहाऐवजी चारच बोटे. त्यांनी आम्हाला काचपट्टी दाखवली. ह्यांनी चष्मा माझ्या हाती दिला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "सुंदर आहे, सर. छापा."

जिन्यात मी विचारले, "खरंच नवी आहे?"

"पोर आहे ते. जननछिद्रसुद्धा नाही अजून. वाढलं की सहा बोटं येतात."

"मग सांगा त्यांना."

"छापू दे."

छापले. सत्कार झाला. हार ह्यांनीच आणला. मग ह्यांनी खंडनाचे टिपण लिहायला घेतले. अडचण एकच होती. ते पोर काटेवाल्या प्रजातीचे आहे हे सिद्ध करायला मोठ्या जीवाचे आधी छापलेले चित्र आधाराला घ्यावे लागे, आणि तेही खाली छापलेल्या प्रमुखांच्या नावानिशी. म्हणजे चोरीवर स्वतःच्या हाताने शिक्का मारायचा.

प्रमुखांना सुगावा लागला. ते गासला ह्यांच्या घरी आले तेव्हा मी तिथे ओटीवरच होतो.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"हो, सर."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलं नव्हतं. दाखवलं होतं."

प्रमुखांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "ती चित्रं तुमची होती, असं मी छापून देतो. टिपण तेवढं थांबवा."

मला वाटले, आता हे होकार देतील.

"चित्रं ठेवा तुम्ही, सर," हे म्हणाले. "मला तुमची चूक हवी आहे. चहा घेणार?"

टिपण छापून आले. प्रमुखांची प्रजाती बाद झाली. त्यांनी पुढे काही छापले नाही. चित्रे मात्र कायमची त्यांची झाली. टिपणाचा अंक आला त्या दिवशी हे मागून मागून जेवले, असे ह्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सांगत.

पुढे काही वर्षांनी हे वारले. बाराव्याला वहिनींनी मला बाजूला बोलावले. "भावोजी, ह्यांच्या हातचं एखादं चित्र छापलेलं आहे का? फोटोशेजारी लावीन म्हणते."

"आहे," मी म्हणालो. "पण खाली नाव दुसऱ्याचं आहे."

"असू दे. घरात कात्री आहे."

मी अंक नेऊन दिला. गासच्या त्या घरात आठ पायांचा तो जीव अजून भिंतीवर आहे. खालची कड वाकडी कापली गेली आहे.