डावा खांदा

आमच्या घरात शिरलं की समोरच्या भिंतीवर एक जर्सी फ्रेम करून लावलेली दिसते. येणारा प्रत्येक जण तिच्यासमोर थांबतो, खालची सही वाचतो आणि मग मी त्याला तिची गोष्ट सांगतो. आता ती इतकी तोंडपाठ झालीय की वर्षा, माझी बायको, चहा ठेवता ठेवता पुढचं वाक्य आधीच बोलून टाकते. गोष्ट खोटी नाही. पण तिच्यातला एक तुकडा मी दर वेळी गाळतो — पाहुण्यांसमोर गाळतो, वर्षासमोरही गाळतो. तुमच्यासमोर पहिल्यांदाच बोलतोय. जमेल की नाही, ठाऊक नाही.

मी मूळचा नागपूरचा, फिजिओथेरपिस्ट. वर्षाला अमेरिकेत, मिनिआपोलिसजवळ नोकरी लागली आणि मी तिच्या मागोमाग ईडन प्रेरीला आलो. सुरुवातीची काही वर्षं मला काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळे मी नुसता 'वर्षाचा नवरा' होतो. पोळ्या करायचो, बर्फ काढायचो. आमच्या ओळखीतले झाडून सगळे आयटीतले. पुढे मी इथल्या परीक्षा दिल्या, एका क्लिनिकमध्ये लागलो आणि तिथून एका व्यावसायिक फुटबॉल संघाकडे गेलो. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. आमच्या मंडळींना त्याचं कौतुक होतं, पण थट्टा काही संपली नाही. "काय मिलिंद, आज कुणाचे पाय चेपले?" हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल! हसायचो. आतून जळायचो.

ही सबब म्हणून सांगत नाहीये. तेवढं लक्षात ठेवा.

संघाचा क्वार्टरबॅक होता ग्रेडी. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात दर वेळी चेंडू येतो आणि ज्याला आडवा पाडायला समोरचे सगळे टपलेले असतात, तो. ग्रेडीसारखा डोकेबाज आणि डोकेफिरू माणूस मी पाहिला नाही. प्रशिक्षकांनी हेल्मेटमधल्या स्पीकरवरून एक चाल सांगावी आणि यानं मैदानात दुसरीच खेळावी. कृत्रिम गवतानं आमचे गुडघे जातात, असं त्यानं रेडिओवर जाऊन सांगितलं तेव्हा मालकमंडळी खवळली. यानं पुढच्याच आठवड्यात तेच पुन्हा सांगितलं. दुखणं मारायचं इंजेक्शन तो घ्यायचा नाही. म्हणायचा, माझं शरीर माझ्याशी बोलतंय, त्याचं तोंड कशाला दाबू?

आणि त्याचं शरीर तर सारखंच बोलत असायचं. उजवा गुडघा, बरगड्या, फेकायच्या हाताचं बोट. एक बरं होतंय तोवर दुसरं. लोक म्हणायचे, हा काचेचा बनलाय. मी त्याच्यासोबत रोज असायचो म्हणून सांगतो, त्याच्याइतकी मेहनत संघाच्या त्या इमारतीत कुणी करत नव्हतं. दुखलं तरी तो तोंडातून हूं की चूं काढायचा नाही, फक्त डाव्या पायाचा अंगठा आत वळवायचा. हे एकट्या मला माहीत होतं. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी तो नुसती चमच्यानं खायचा. दिवाळीला मी त्याला चिवडा न्यायचो. "तू या इमारतीतला एकच माणूस आहेस, डॉक्, जो फार बोलत नाही," असं तो एकदा म्हणाला होता. मी डॉक्टर नाही हे त्याला शंभरदा सांगून झालं होतं.

फार बोलत नाही. बघा म्हणजे.

ते वर्ष त्याचं होतं. पहिल्यांदाच तो अर्ध्या मोसमापर्यंत धडधाकट राहिला होता आणि संघ जिंकत होता. त्याचा करारही त्याच वर्षी संपत होता. आणि मग एका सरावात तो डाव्या खांद्यावर पडला. सांध्याला धरून ठेवणारे बंध अर्धे फाटले. फेकायचा हात उजवा, त्यामुळे पट्टी बांधून खेळता येण्यासारखं होतं, फक्त त्याच जागी पुन्हा दणका बसायला नको होता. तो म्हणाला, मी खेळणार. संघानं बाहेर 'जुना गुडघा' एवढंच सांगितलं. खांद्याचं आमच्या उपचारांच्या खोलीबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं. समोरच्या संघाला कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हे मैदानावरचं शेंबडं पोरही सांगेल.

सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सकाळचा हलका सराव आटोपून मी दुपारी नितीनकडे फराळाला गेलो. नितीन पुण्याचा, इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीत, माणूस मनमिळाऊ. बेसमेंटमध्ये आम्ही पुरुष मंडळी चकल्या खात बसलो होतो. कुणाला प्रमोशन मिळालं होतं, कुणी तळ्याकाठी घर घेत होता. आणि कुणीतरी — कुणी ते खरंच आठवत नाही — नेहमीचा प्रश्न टाकला. आज कुणाचे पाय चेपले?

सगळे हसले. मी एरवी हसतो तसा हसलो असतो तर?

मी म्हणालो, "पाय नाही. खांदा. ग्रेडीचा डावा खांदा."

सगळे माझ्याकडे वळले. इतकी वर्षं त्या मंडळींत बसलो, पण सगळ्यांचे कान माझ्याकडे असं कधी झालं नव्हतं. खरं सांगू? छान वाटलं. फार छान वाटलं. मग मी थांबलोच नाही. बंध कसे फाटलेत, उद्या पट्टी कशी बांधणार, टीव्हीवाल्यांनाही कसं माहीत नाही, सगळं सांगितलं. नितीनला उभं केलं आणि त्याच्या खांद्याच्या टोकाला, कॉलरबोन संपतं तिथे, बोट टेकवून दाखवलं. "इथे एक बसला की खेळ खलास."

आपण मराठीत बोलतोय, मग भीती कसली, असंही वाटलं असणार. आपली सवयच आहे ना ती? लिफ्टमध्ये, दुकानात, शेजारच्या माणसाबद्दल त्याच्या तोंडावर बिनधास्त मराठीत बोलायचं. मराठी म्हणजे जणू दार लावून घेतलेली खोली. त्या खोलीत माझ्यासोबत बसलेले सगळे सोमवारी इंग्रजीत नोकरीला जातात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारपर्यंत थांबायचीही गरज पडली नाही. नितीनच्या ऑफिसात खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करून खेळायची स्पर्धा चालायची. नितीनच्या संघात ग्रेडी होता. त्यानं त्याच संध्याकाळी ग्रेडीला काढून टाकलं. एवढ्या फॉर्मातल्या माणसाला का काढलं, असं ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं आणि यानं लिहिलं, डावा खांदा, पक्की खबर, आतल्या माणसाकडून. ते कुणीतरी पुढे पाठवलं. रविवारी सकाळी गाडी चालवत मी स्टेडियमला जात होतो, तेव्हा रेडिओवरचा निवेदक सांगत होता, ग्रेडीच्या डाव्या खांद्याबद्दल काहीतरी कानावर येतंय.

गाडी बाजूला घेतली. नितीनला फोन केला. तो म्हणाला, "अरे यार, मी फक्त ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. तुझं नाव नाही घेतलं, टेन्शन नको घेऊ."

आणि मला — हे सांगताना लाज वाटते — हायसं वाटलं. माझं नाव नव्हतं ना.

अजून वेळ होता. आत जाऊन सांगता आलं असतं, बातमी माझ्याकडून फुटली, याला आज बाहेर बसवा. मी आत गेलो आणि त्याच्या खांद्याला पट्टी बांधली. त्याचा अंगठा आत वळला. मी पट्टीचं टोक दाबून चिकटवलं.

दुसऱ्या सत्रात समोरच्या संघानं त्याला पाडलं. आधी दोनदा पाडलं होतं, दोन्ही वेळा डाव्या अंगावर. तिसऱ्यांदा एक धिप्पाड गडी सगळ्या वजनानिशी त्या खांद्यावर आला. कॉलरबोन मोडलं, बंध पूर्ण गेले आणि हाताकडे जाणारी नस चिरडली. फुटबॉलमध्ये माणसं पडतातच, तो एरवीही पडलाच असता, असं मी स्वतःला बरेच दिवस समजावलं असतं. पण हॉस्पिटलमध्ये त्यानंच मला सांगितलं. अंगावरून उठताना तो गडी त्याच्या कानाशी म्हणाला होता, डावा कसा आहे आता?

त्या आठवड्यात चौकशी झाली. बातमी फोडली कुणी? प्रशिक्षकांशी ग्रेडीचं त्याच सुमारास वाजलं होतं. रेडिओवाल्यांशी बोलायची खोड त्याला होतीच. हरलो तर सबब हवी म्हणून यानं स्वतःच पुडी सोडली, असं ठरलं. आमच्या खोलीतल्या प्रत्येकाला बोलावून विचारलं गेलं, तुम्ही बाहेर कुणाला सांगितलंत का? मी म्हणालो, नाही. एकच शब्द. व्हिसाची भीती होती असं आता म्हणता आलं असतं. नव्हती. ग्रीन कार्ड कधीच आलं होतं, वर्षाची नोकरी पक्की होती. मला फक्त 'तो मसाजवाला, ज्यानं बातमी फोडली' असं व्हायचं नव्हतं.

सोबतचे खेळाडू ग्रेडीशी बोलेनासे झाले. प्रशिक्षकाला उलट बोलणारा त्यांना चालत होता, स्वतःच्या संघाला विकणारा चालणार नव्हता. हात गळ्यात बांधून तो माझ्या टेबलावर बसला होता, तेव्हा त्यानं विचारलं, "तुलाही तसंच वाटतं का, डॉक्?"

मी म्हणालो, "नाही. तू सांगितलं नाहीस. मला माहीत आहे."

तो रडला. मी त्याला रडताना पहिल्यांदा पाहिलं. त्याला वाटलं, मी त्याच्यावर विश्वास ठेवतोय.

पुढे संघानं त्याला सोडलं. दुसऱ्या कुणी घेतलं नाही. नुसता खांदा असता तर कदाचित कुणी घेतलंही असतं, पण खांदा आणि वर बदनामी, कोण घेणार? शेवटच्या एका मुलाखतीत तो म्हणाला की त्या इमारतीत एकाच माणसानं आपल्यावर विश्वास ठेवला, आणि त्यानं माझं नाव घेतलं. अगदी नीट उच्चारलं. मग त्याची जर्सी घरी आली. खाली सहीशेजारी लिहिलं होतं, 'ज्याला माहीत होतं, त्याला.'

मुलाखतीचं मंडळात कळायला कितीसा वेळ लागणार? पुढच्या वर्षीच्या गणपतीत माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. आपला मराठी माणूस, एवढा मोठा खेळाडू त्याचं नाव घेतो. शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये काका-काकू पुढच्या रांगेत, वर्षा फोनवर व्हिडिओ काढतेय. शाल घालायला कमिटीतर्फे नितीन आला. त्या सकाळच्या फोनचा विषय आम्ही दोघांनी पुन्हा कधी काढला नव्हता. त्यानं माझ्याकडे न बघता शाल पांघरली. ती डाव्या बाजूनं घसरली, म्हणून खांद्यावर हात ठेवून त्यानं ती नीट केली. मग माझ्या हातात माइक दिला.

मी नको म्हणायला हवं होतं ना? निदान दोन शब्दांत आभार मानून खाली बसायला हवं होतं. मी विश्वासावर बोललो. आपल्या पेशात पेशंटचा विश्वास हेच कसं सगळं असतं, यावर चांगलं रंगवून बोललो. टाळ्या पडल्या. पाय चेपण्याबद्दल त्यानंतर मला कुणी कधीच विचारलं नाही. जे हवं होतं ते मला मिळालं, असंच म्हणायचं.

ग्रेडी आता त्याच्या गावी शाळेतल्या पोरांना शिकवतो. दर दिवाळीला न चुकता फोन करतो. मी चिवडा पाठवतो, चटणी पाठवतो. या दिवाळीत त्यानं पहिल्यांदाच विचारलं. चिडून नाही, सहज, हवापाण्याचं विचारावं तसं. ते कुणी सांगितलं होतं, कधी कळलं का रे?

मी म्हणालो, नाही.

तो म्हणाला, जाऊ दे. मग त्यानं कॅमेरा फिरवून मुलगी दाखवली, एक वर्षाची होत आलीय, गुटगुटीत. डाव्या हातानं तिला उचलता येत नाही, हात खांद्याच्या वर जातच नाही, म्हणाला. काही व्यायाम आहे का? मी त्या खांद्याचे रिपोर्ट पाहिलेत. ती नस आता पुन्हा बरी होणार नाही. तरीही मी त्याला भिंतीला हात टेकवून बोटांनी वर चढत जायचा एक व्यायाम सांगितला, कारण नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर आणखी काय बाहेर आलं असतं, कोण जाणे.

परवा त्याच्या बायकोचा मेसेज आला. रोज सकाळी तो भिंतीशी उभा राहून ते करतो. डॉक् म्हणालाय ना, म्हणतो.