पट्ट्याची भोकं

त्या दिवशी सकाळी वटारहून वहिनींचा फोन आला. "ताई, हे गेले." फुलपाड्याच्या घरात मी मेथी निवडत होते, ती तशीच टाकून निघाले. त्याला आता महिना उलटून गेला, पण एका शब्दाचा राग अजून गेलेला नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण उंबऱ्यातूनच म्हणायचा, "अगदी अचानक हो!" अचानक? माझा भाऊ वर्षभर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झिजत होता आणि आम्ही सगळे त्याचं अभिनंदन करत होतो.

दादा अंगाने दणकट आणि खाण्याचा शौकीन. लग्नात तो ज्या पंगतीला बसेल तिथे वाढपी आपणहून दोनदा यायचे. नोकरी सांभाळून त्याने वडिलांची केळीची वाडी राखली होती. निवृत्त झाल्यावर त्याची पाठ दुखायला लागली. "केळ्यांचे एवढाले लोंगर उचलता, मग दुखणार नाही तर काय?" वहिनी म्हणाल्या. मग रक्तात साखर निघाली. आमच्या घराण्यात कुणाला नव्हती, पण हल्ली साखर कुणाला नसते! गोड बंद झालं, भुईगावच्या किनाऱ्यावर रोजचं चालणं सुरू झालं आणि सुटलेलं पोट आत जाऊ लागलं. भूकही मेली होती, तिला आम्ही पथ्य म्हटलं. पाठ, साखर, वजन... प्रत्येकाला आम्ही वेगळं कारण चिकटवून मोकळे झालो. तिन्ही दुखणी एकाच घरची असतील, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

पँट कमरेवर टिकेना, तेव्हा दादाने खिळा तापवून चामड्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं आणि मला फोन केला. "बघ, म्हाताऱ्याची कंबर पोराची झाली!" काही दिवसांनी आणखी एक भोक, मग आणखी एक. आळीत त्याचा मान वाढला. शेजारच्या मालतीकाकू तर नवऱ्याला ऐकवायच्या, "जरा त्यांच्याकडे बघा. कसे बारीक झाले, बरे दिसतात!"

मग डोळे पिवळे झाले. कावीळ म्हटली की आमच्याकडे मुळ्यांची माळ ठरलेली. ती डोक्यावर ठेवायची, वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली म्हणायचं. माळ उतरली. कावीळ कसली उतरते! अंगाला खाज सुटली, लघवी काळपट झाली, तेव्हा कुठे मुंबईच्या इस्पितळात स्कॅन झाला. "स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यकृतापर्यंत गेलाय. ऑपरेशन करता येणार नाही." कॅन्सरची गाठ हाताला लागते, एवढंच आम्हाला ठाऊक. दादाने विचारलं, "हे स्वादुपिंड असतं तरी कुठे?" बाईंनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "जठराच्या मागे, मणक्याला लागून. लपलेलं असतं, म्हणून बहुतेकांना उशिराच कळतं. तुमचा दोष नाही." दादा पट्ट्यावर हात ठेवून म्हणाला, "म्हणजे मी आजाराचं कौतुक करत होतो..." त्यानंतर त्याने मला भोकाचा फोन कधी केला नाही. पट्टा मात्र आवळावाच लागत होता.

परवा वटारला गेले. वहिनी ओटीवर बसल्या होत्या. महिन्याभरात चेहरा एवढासा झालाय, घास घशाखाली उतरत नाही. तेवढ्यात मालतीकाकू पेजेची वाटी घेऊन आल्या आणि त्यांना न्याहाळत म्हणाल्या, "बारीक झालीस गो. पण बरी दिसतेस हां." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणूनच मला जास्त संताप आला. जिभेवर काय काय आलं होतं... पण वहिनी उठल्या. आत जाऊन त्यांनी दाराआडच्या खुंटीवरचा पट्टा आणला आणि काकूंच्या हातात दिला.

"भोकं मोजा," म्हणाल्या.

काकूंनी पहिल्या भोकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर... पुढे त्यांना मोजवेना.