हिरव्या धाग्याची कॉइल

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या बहिणीवर. दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी आठच्या पाळीला. रत्नागिरीच्या एमआयडीसीतली शेड त्या दिवशी बंद झाली आणि तिच्या हातात दाखला पडला. कामाच्या रकान्यात एकच शब्द: 'हेल्पर'.

ताई सहा वर्षं त्या छोट्या स्कूटरच्या कॉइल गुंडाळत होती. लहान चाकांची, तीन गिअरची गाडी. पत्रा एका गावात ठोकायचे, इंजिन दुसरीकडे जोडायचे, आणि ठिणगी पाडणारी कॉइल आमच्याकडच्या बायका करायच्या. केसासारखी तांब्याची तार, वेढ्यावर वेढा. तुटली की सगळं पहिल्यापासून. कंपनीने गाडीच्या इतिहासाची पुस्तिका छापली आहे. तीत परदेशी आराखडा आहे, साहेबांचे फोटो आहेत, आमची शेड नाही. पुढे नव्या गाड्या आल्या, हिची मागणी सरली.

दाखला घेऊन आम्ही मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो, जळलेल्या मोटरींत नवी तार गुंडाळतात तिथे. मालक म्हणाला, "हेल्पर आहे माझ्याकडे. मला कारागीर हवा."

मग दाखल्यावर 'कारागीर' लिहून घ्यायला कंपनीच्या कचेरीत खेपा सुरू झाल्या. किती घातल्या ते मला आता सांगता येणार नाही. मी कामगारांची पत्रकं लिहितो, तिथे मला शब्द कधी कमी पडले नाहीत. तिथल्या बाकावर बसून बसून तेही आटले. साहेबांचं एकच उत्तर: "कुठली कॉइल कुणी गुंडाळली याची नोंद नसते."

खोटं आहे. कॉइल बांधायचा धागा प्रत्येकीचा वेगळ्या रंगाचा, आणि तो कंपनीनेच ठरवून दिलेला. ताईचा हिरवा. एकदा बिघडलेली कॉइल परत आली तेव्हा सुपरवायझर कुणाला विचारत बसला नाही. सरळ तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"ही तुझी गो. गाडी घाटात बंद पडली."

"मग मी काय करू? घाटात जाऊन ढकलू?"

बायका हसल्या. ताईला त्या दिवशी पाळी संपेपर्यंत उभ्याने काम करावं लागलं.

म्हणजे चूक कुणाची ते धाग्यावरून कळतं, काम कुणाचं ते मात्र कळत नाही.

"सोड रे आता, दमलास तू," ताई म्हणते. दमलोय खरा. पण तिला अजून काम मिळालेलं नाही.

तुमच्या घरी ती स्कूटर असेल तर मेकॅनिक मॅग्नेटो, म्हणजे ही कॉइल बसवलेला इंजिनाचा भाग, उघडेल तेव्हा वाकून बघा. कॉइलवर हिरवा धागा दिसला तर त्याच दिवशी कंपनीला सहीनिशी लिहा: ही कॉइल कारागीर बाईने बांधली आहे, तिचा दाखला बदलून द्या.